गोळ्या, पोलादी, लहान, नग सहा

पी

सुभेदार आकाराम मोहिते (निवृत्त) यांनी पुठ्ठ्यावर स्केचपेनने पाच अक्षरं लिहिली आणि पुठ्ठा फ्रिजच्या दारावर चिकटवला. बायकोच्या पाठांतरासाठी. पी म्हणजे गाडी उभी. आर म्हणजे मागं. एन म्हणजे कुठंच नाही. डी म्हणजे पुढं. एल म्हणजे घाट.

"आणि क्लच?" राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"क्लच नाही. म्हणून तर हे सगळं."

हे सगळं म्हणजे काय, ते चार ओळींत उरकू. राजेश्वरीबाई मेढ्याच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सातारा ते शाळा, वळणं-चढ धरून, नऊ वर्षं स्वतः गाडी चालवत जायच्या. श्रावणात शाळेच्याच पायरीवर घसरल्या आणि डाव्या घोट्यात स्टीलची पट्टी बसली. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण या पायानं क्लच दाबायचा नाही. रजा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरत होती. सुट्टीनंतरच्या सोमवारी शाळा उघडणार. त्या दिवशी बाई एकतर स्वतः गाडी चालवत शाळेत जाणार होत्या, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देणार होत्या. अर्ज लिहून तयार होता, फक्त तारीख कोरी होती. तोही फ्रिजवरच, पुठ्ठ्याशेजारी, चुंबकाखाली.

"मी सोडतो की रोज," सुभेदार म्हणून बघत.

"आणि दिवसभर बसणार कुठं? दुसरीच्या वर्गात?"

नवी गाडी घेण्याचा विषय निघाला की सुभेदार बाहेर जात आणि जुन्या गाडीवरून फडकं फिरवून परत येत. त्याच गाडीची ऑटोमॅटिक जात पूर्वी निघत असे. तेव्हा वापरलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणायचा, स्वतः उघडून नव्यासारखा करायचा, घाटाला सोसेल असे चार फेरफार करायचे आणि आपल्या गाडीत बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. मोहित्यांच्या घरात ठरवलेलं बदलत नाही. बदललं पाहिजे असं सगळ्यांना वाटत असलं तरीही.

इथं एक गोष्ट वाचकाच्या कानात सांगितली पाहिजे. सुभेदार ईएमईत होते. म्हणजे लष्करात रणगाडे, तोफा, ट्रक दुरुस्त करणारे जे लोक, त्यांच्यात. अठ्ठावीस वर्षं. त्यामुळे कॉलनीत आणि भावकीत सगळे म्हणत, आकाराम ट्यांक दुरुस्त करायचा. आपण रणगाडे दुरुस्त करायचो असं सुभेदार कधी म्हणाले नव्हते. नाही, असंही कधी म्हणाले नव्हते. ते तिथं क्लार्क होते. रणगाड्याच्या गिअरबॉक्सशी त्यांचा संबंध इतकाच, की तो आल्याची नोंद त्यांनी केली आणि गेल्याचीही.


आर

(हा भाग सध्या काम करत नाही. दांडा पुढं घ्या.)


एन

गिअरबॉक्स सांगलीहून हळदीच्या टेम्पोतून आला. दोन पोत्यांच्या मधे बसून आल्यामुळे तो नखशिखांत पिवळा झाला होता. सुभेदारांच्या आई रंगूबाई दारात उभ्या होत्या.

"हळद लागूनच आलाय की गं बया," असं म्हणून त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"पन नवरी कोन?" शेजारच्या गेटवरून धनाजीराव म्हणाले.

धनाजीराव जगदाळे फलटणकडच्या एका साखर कारखान्यात मिलवर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण जगातलं कुठलंही यंत्र बघितलं की ते उसाच्या मिलशी ताडून बघत आणि प्रत्येक यंत्र कमी भरे.

गिअरबॉक्स देणारा कोंडीबा कारंडे सांगलीत याच कामात मुरलेला. मूळचा आटपाडीकडचा. "आज्जा मेंढरं राखायचा, मी गिअर राखतोय, पळत्यात दोनी," असं तो स्वतःच सांगे. अथणीकडची एक अपघातात गेलेली गाडी त्याच्याकडं आली होती, तिच्या पोटातून हा गिअरबॉक्स निघाला.

"सुभेदार, मी यिऊन उघडू काय?" त्यानं फोनवर विचारलं.

"नको, मी बघतो."

"व्हय की! ट्यांक उघडल्याला मानूस तुमी. ह्ये तर खेळणं हाय. आयका मग. जुनं तेल काडा, काळं आसंल, जळका वास यील. तळाच्या तव्यात चुंबक हाय, त्येला लोखंडाचं पीठ चिकटल्यालं दिसंल. पीठ आसलं तर भ्यायचं न्हाई. दाणं आसलं तर मला फोन करा. प्लेटा, शिलं, जाळी नवी घाला. नव्या प्लेटा रातभर तेलात भिजवा, कोरड्या घातल्या की जळल्या म्हणून समजा. आनि त्यो मेंदू, म्हंजी तव्याच्या वरची चपटी पेटी, त्यो जपून उघडा. बारक्या गोळ्या अस्त्यात, उडत्यात."

सुभेदारांनी मागच्या पडवीत गोणपाट अंथरलं. पाना हातात घेण्याआधी त्यांनी काय केलं, तर एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, वस्तू, नग, शेरा. हे करताना एकही रेघ वाकडी गेली नाही. पाना मात्र त्यांनी आधी उलटा धरला.

  १. बोल्ट, तव्याचे. नग १९. एक गंजका.
  २. चुंबक. नग २. पीठ. दाणे नाहीत.
  ३. जाळी, तेलाची. नग १. अवस्था दयनीय.
  ४. गोळ्या, पोलादी, लहान. नग ६. उडत नाहीत. (एक उडाली. चपलेत सापडली.)

अशी वही अकरा पानं भरली. कोंडीबाच्या सल्ल्यानं घाटासाठी मेंदूतल्या दोन स्प्रिंगा कडक घातल्या, म्हणजे चढाला गाडी घालमेल करत बसणार नाही. तेल थंड राहायला पुढच्या जाळीमागं एक जादा कूलर बसवायचं ठरलं. नव्या प्लेटा भिजवायला मोठं भांडं पाहिजे होतं. घरात एकच होतं. दिवाळीची परात.

गिअरबॉक्सचं नवं तेल तांबडं असतं. धनाजीरावांनी कुंपणावरून मान लांब केली.

"सुभेदार, कट झक्कास आलाय. पाव आनू का?"

"प्लेटा भिजत घातल्यात."

"आमच्या मिलला असलं भिजत घालनं नव्हतं बगा. ग्रीस थापायचं, रामराम म्हनायचं."

"अहो," आतून राजेश्वरीबाई आल्या आणि परातीकडं बघत राहिल्या. "चकलीची भाजणी मी आता कशात भिजवू? तुमच्या तव्यात?"

आता कागद. गाडीत एवढा बदल करायचा तर परवानगी लागते, आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाचं नाव सांगून कुणाचंच भलं होणार नाही. खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"गिअरबॉक्स कुठला?"

"अथणीच्या गाडीचा."

"म्हणजे कर्नाटक. एनओसी?"

"एनओसी गाडीची असते."

"मग गाडीची आणा."

"गाडी मोडीत गेली."

"मग एनओसी कशाची आणणार?"

"तेच म्हणतोय मी."

"मीपण तेच म्हणतोय," क्लार्क म्हणाला.

सीमाप्रश्न आता गिअरबॉक्सपर्यंत आला होता. दुसरा कुणी चिडला असता. सुभेदार खिडकीतल्या त्या माणसाकडं डोळे भरून बघत राहिले. काय प्रश्न होता! स्वतः नोकरीत असताना त्यांनीही हाच विचारला असता. ते घरी आले आणि तीन तास बसून खुलासा लिहिला. विषय, संदर्भ एक ते पाच, मोडीची पावती, घोट्याचा दाखला, परिशिष्ट अ, परिशिष्ट ब. दुसऱ्या दिवशी क्लार्कनं तो उभं राहून वाचला.

"हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

सुभेदारांच्या मागं रांगेत कॉलनीतलेच दोघं उभे होते.

"आहे एक ओळखीचा क्लार्क," सुभेदार म्हणाले.

मंजुरीचा कागद निघाला, पण अटीवर. गिअरबॉक्स बसवल्यावर निरीक्षक गाडी चालवून घेणार, पुढं आणि मागं, आणि मगच सही. तारीख मिळाली शाळा उघडण्याआधीच्या शुक्रवारची.

दरम्यान खंडेनवमी आली. ज्या हत्यारावर घर चालतं ते त्या दिवशी पाटावर येतं. रंगूबाईंनी पाटावर विळा, खुरपं, कात्री, सुनेचं लाल पेन आणि लेकाचे पाने मांडले. मधोमध उघडलेला मेंदू, आणि ताम्हनात त्या पोलादी गोळ्या. सुभेदार झेंडू आणायला गेले होते. परत आले तेव्हा पूजा होऊन गेली होती. मेंदूला हळदी-कुंकवाची पाच बोटं उठली होती आणि एका खाचेत तांदूळ होता. तांदूळ त्यांनी चिमट्यानं काढला आणि मेंदू रॉकेलनं पुन्हा धुतला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जोडणी. धनाजीराव खुर्ची घेऊनच आले, बरोबर रांगेतले ते दोघं. सुभेदारांनी वही उघडली.

"ह्ये काय?" धनाजीराव म्हणाले. "ट्यांकवाल्या मानसाला वही लागती व्हय? आमचा मिलचा फोरमन डोळं झाकून आख्खी मिल जोडायचा."

तिन्ही माणसं वहीकडं बघत होती. अक्षर फार सुंदर होतं. नको इतकं सुंदर होतं. सुभेदारांनी वही मिटली आणि मांडीखाली घातली.

"आई, ताम्हनातलं सगळं आहे ना जागच्या जागी?" त्यांनी आत विचारलं.

"द्येवाम्होरनं काय जातंय रं?" आतून उत्तर आलं.

ताम्हनात होत्या तेवढ्या गोळ्या त्यांनी मेंदूच्या खाचांत बसवल्या. एक खाच रिकामी वाटली. कोंडीबानं पाठवलेला फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. त्या जागी कोंडीबाचा अंगठा होता.


डी

कोंडीबा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साखळीची कप्पी घेऊन आला. राजेश्वरीबाई भावाला ओवाळायला फलटणला गेल्या होत्या, गुरुवारी येणार होत्या. जुना गिअरबॉक्स उतरला, नवा चढला, क्लचचं पायडल निघालं. ते पायडल सुभेदारांनी पुसून कपाटात ठेवलं. वहीत नोंद करून, अर्थात. गुपचूप.

तांबडं तेल भरलं, इंजिन सुरू झालं. सुभेदारांनी दांडा डीवर आणला. गाडी, देवाशपथ सांगतो, हंसासारखी निघाली. कॉलनीला वळसा घातला. गिअर कधी पडत होते ते कळत नव्हतं. धनाजीरावसुद्धा "बरी हाय" म्हणाले, जे त्यांनी कुठल्याच यंत्राला आजवर म्हटलं नव्हतं.

घरासमोर आल्यावर गाडी आत घ्यायची म्हणून सुभेदारांनी दांडा आरवर टाकला. गाडी गुरगुरली. जागची हलली नाही. जास्त रेटलं, जास्त गुरगुरली.

कोंडीबा खाली वाकला, कान लावला, उठला. "प्लेटा नव्या हायत. बसत्याल. चार दिस चालवा, न्हाई आली मागं तर मला सांगा." संध्याकाळची सांगली एसटी त्याला गाठायची होती.

मग सुभेदार चार दिवस पुढंच गेले.

मागं न जाता जगता येतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण सातारा हे गाव मागं घेण्यावरच चालतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बँकेपुढं लावली तर निघता येत नाही. दवाखान्यापुढं लावली तर कुणाची तरी गाडी पुढं येईपर्यंत पेशंटसारखं बसावं लागतं. ते अर्धा किलोमीटर अलीकडं मोकळ्या मैदानात गाडी लावून चालत जाऊ लागले. "तब्येतीसाठी," ते म्हणत.

बुधवारी मळ्याकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या.

"सायेब, मागं घ्या," ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला.

"तुम्ही घ्या."

"मला दोन ट्रॉल्या हायत. त्या मागं सरळ जात न्हाईत."

"माझी वाकडीपण जात नाही," सुभेदार म्हणाले. हे वाक्य त्यांनी मोठ्या कष्टानं उच्चारलं.

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. तंबाखू काढली. "मग काय, हितंच बांधायचं का घर? तुमची बाजू रस्त्याकडची, माजी वड्याकडची."

शेवटी उसाचे चार गडी उतरले आणि त्यांनी गाडी ढकलत दीडशे पावलं मागं नेली. सुभेदार आत बसून स्टिअरिंग धरत होते. मान ताठ होती, नजर समोर. मानवंदना घेताना माणूस असाच बसतो, फक्त तेव्हा तो उलटा जात नसतो. कोपऱ्यावर कोण उभं असावं? धनाजीराव. हातात दुधाची किटली.

"काय सुभेदार! ट्यांक माघार घ्याय लागला व्हय?"

संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं होतं. कोंडीबाला फोन केला, तो म्हणाला, शनिवारी सकाळी येतो, त्याच्या आधी जमत नाही. राजेश्वरीबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. आणि शुक्रवार परवावर होता.


एल

घाटाला एक गुण असतो. गाडीला मागं जाता येत नसलं तरी घाट तिला मागं नेऊ शकतो.

हा विचार सुभेदारांना गुरुवारी दाढी करताना सुचला आणि त्यांनी हनुवटीवर कापून घेतलं. कार्यालयामागच्या मैदानाला एका अंगाला चढ होता. तिथं चढाकडं तोंड करून गाडी उभी करायची. निरीक्षक म्हणतील "मागे घ्या". दांडा एनवर टाकला की गाडी आपोआप, डौलात, मागं.

शुक्रवारी वाटेत त्यांनी बायकोला पढवलं. "साहेबांनी मागं घ्या म्हटलं, की दांडा एनवर."

"आरवर ना?"

"आज एनवर."

"पुठ्ठ्यावर तर आर म्हणजे मागं लिहिलंय."

"पुठ्ठ्यावर सगळं लिहिता येत नाही."

राजेश्वरीबाई काही बोलल्या नाहीत. मात्र ज्या बाईनं स्कॉलरशिपच्या परीक्षेत स्वतःच्या सख्ख्या भाच्याच्या मोज्यातून चिठ्ठी काढली होती, तिचं न बोलणं म्हणजे काय, हे सुभेदारांना पंचवीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

निरीक्षक तरुण होते, नम्र होते. बाईंच्या शेजारी बसले. पुढं झालं. थांबणं झालं. "छान. आता मागे घ्या, मॅडम."

बाईंनी दांडा आरवर टाकला. गाडी गुरगुरली. बाहेर उभ्या सुभेदारांनी निरीक्षकांच्या नकळत हवेत बोटानं एन काढला. दोनदा काढला. बाईंनी काचेतून त्यांच्याकडं पाहिलं. ती नजर भाच्याच्या मोज्याकडं गेलेली होती. मग त्यांनी दांडा पीवर आणला आणि इंजिन बंद केलं.

"साहेब, गाडी मागं जात नाही."

"उतार आहे की, मॅडम. सोडली तर जाईल," निरीक्षक हसून म्हणाले. त्यांना सगळं दिसत होतं.

"ते जाणं नव्हे, घसरणं. घसरण्याचा मला अनुभव आहे."

निरीक्षकांनी कागदावर सही न करता पेनाला टोपण लावलं. मग बाईंच्या घोट्याकडं पाहिलं. "सोमवारी मेढ्याला माझा कॅम्प आहे. सकाळी नऊ. तिथं मागे गेली, तर तिथंच सही करतो. नाही गेली तर पुढची तारीख पुढच्या महिन्यात."

घरात गेल्यावर राजेश्वरीबाईंनी फ्रिजवरून अर्ज काढला, लाल पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत तारीख घातली. सोमवारची.


आर

(दुरुस्ती चालू.)

शनिवारी सकाळी कोंडीबा आला. आख्खा गिअरबॉक्स उतरवायची गरज नव्हती. खालचा तवा काढला की मेंदू हातात येतो. पडवीत गोणपाट, गोणपाटावर कोंडीबा, दारात राजेश्वरीबाई, खुर्चीत रंगूबाई, आणि कुंपणावर न बोलावता धनाजीराव, हातात चहाचा कप.

कोंडीबानं मेंदू उघडला, पालथा हात कपाळाला लावला.

"सुभेदार, हितली गोळी कुठाय?"

"कुठली?"

"ह्या खाचंतली. मागं जायचं तेल हितनंच वळतंय. गोळी न्हाई म्हंजी तेल भलत्या वाटंनं निसटतंय. ट्यांकात असल्या धा-बारा गोळ्या अस्त्याल. तुमी मोजल्या न्हवत्या?"

सुभेदार आत गेले. मांडीखाली घालून चुरगळलेली वही घेऊन आले, पान काढलं आणि कोंडीबासमोर धरलं. गोळ्या, पोलादी, लहान. नग ६.

"आवं, वहीत सा हायत की! मग बसवताना बगितली न्हाईसा?"

धनाजीरावांचा कप ओठाशी थांबला.

सुभेदार खाली, गोणपाटावर बसले. आपण वर उभे राहून हे बोलू शकणार नाही, असं त्यांना वाटलं. "कोंडीबा, मी रणगाड्यात कधी हात घातला नाही. रणगाडा आला की मी नोंद करायचो. मी क्लार्क होतो. वही हेच माझं काम. त्या दिवशी चार माणसांत वही उघडायची मला लाज वाटली." ते बायकोकडं वळले. "तुमची शाळा माझ्या लाजेपायी जातीय."

मग रंगूबाईंनी पान तोंडात एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

"आक्या, ह्ये तुला आज कळलं व्हय?"

"आई?"

"तू सुट्टीवर यायचास तवा मी तुजी नखं बगायची रं. ट्यांक करनाऱ्याची नखं काळी अस्त्यात. तुज्या अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई आसायची. म्या म्हनलं, सांगंल कवा तरी. न्हाई सांगितलास. ऱ्हाऊ दे म्हनलं, लेकराची हौस हाय."

सुभेदारांनी बायकोकडं पाहिलं.

"लग्न ठरल्यावर तुमचं पहिलं पत्र आलं," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "वर विषय होता. खाली संदर्भ होता, आमच्या वडिलांच्या पत्राचा. शेवटी आपला विश्वासू. रणगाडेवाला असं लिहितो?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला अक्षर आवडलं होतं."

आता सगळ्यांनी धनाजीरावांकडं पाहिलं. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "माज्याकडं काय बगता? मी बी मिलवर वजनकाट्याच्या पावत्या फाडायचो," ते घाईघाईनं म्हणाले आणि दुधाचं काहीतरी निमित्त काढून घरात गेले.

"त्ये समदं खरं," कोंडीबा म्हणाला, "पन गोळी?"

"कसली गोळी रं?" रंगूबाई म्हणाल्या.

"पूजेला ताम्हनात सहा गोळ्या होत्या, आई. मला पाच मिळाल्या."

"मग? पाचच मांडायच्या अस्त्यात! पाच पानं, पाच फळं, पाच सुपाऱ्या. सा कुनी मांडतं व्हय? सा सटवीला. घरात काय बाळतीन हाय?"

"मग सहावी?"

रंगूबाईंनी कमरेची चंची सोडली. लवंग आली, कात आला, चुन्याची डबी आली, सुपारीचं खांड आलं आणि शेवटी चमकणारी, वाटाण्याएवढी पोलादी गोळी.

"जपून ठिवली हुती की. मंगळवारी सुपारी समजून अडकित्त्यात धरली, तर अडकित्त्याचाच दात पडला. म्या म्हनलं, बाई, लईच निबार सुपारी."

कोंडीबानं गोळी उजेडात फिरवून पाहिली. ओरखडासुद्धा नव्हता. मग तो सुभेदारांकडं वळून म्हणाला, "सायेब, आता तुमी वही वाचा. मी बसवतो."

त्या दिवशी मोहित्यांच्या पडवीत वहीवाचन झालं. सुभेदार खड्या आवाजात एकेक नोंद वाचत, कोंडीबा "हाय" म्हणत, सुभेदार खूण करत. गोळी एक, हाय. गोळी दोन, हाय. सहाव्या गोळीपुढं त्यांनी शेरा लिहिला: चंचीत सापडली. जमा. बोल्ट एकोणीस, हाय. कुंपणापलीकडं धनाजीरावांचं दार थोडंसं उघडं होतं, आणि एकविसाव्या नोंदीनंतर तिथूनही हळूच "हाय" येऊ लागलं.

रविवारी त्यांनी गाडी चालवली नाही. फडकं मात्र फिरवलं.

सोमवारी राजेश्वरीबाईंनी गाडी चालवली, सुभेदार शेजारी बसले. मेढ्यापर्यंत चढ आला की गाडी एकदाच विचार करी आणि मग ठाम राही. कडक स्प्रिंगा. अर्ज बाईंच्या पर्समधे होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं. सुभेदार वाटभर तेच बघत होते.

कॅम्पात निरीक्षकांनी गाडी सपाटीला उभी करून घेतली. अगदी सपाटीला. आधी चाकाखाली वाकून बघितलं.

"घ्या मागे."

बाईंनी दांडा आरवर आणला. मागं दोन पांढरे दिवे लागले. गाडीनं एक लहानसा हिसका दिला, माणूस खुर्चीतून उठताना देतो तसा, आणि मागं निघाली. दहा पावलं. वीस. निरीक्षकांनी हात वर केला तरी बाईंनी आणखी पाच पावलं घेतलीच. मग सही झाली. शिक्का बसला. शाई जांभळी होती.

"साडेदहाची शाळा," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "इथून मी एकटी जाते. तुम्ही एसटीनं परत जा."

सुभेदार रस्त्याच्या कडेला उतरले. हेच तर ठरलं होतं: स्वतः, एकटी, गाडी चालवत. गाडी बाजार ओलांडून वळणापर्यंत गेली आणि थांबली. सुभेदारांनी मनात वही उघडली. तेल? स्प्रिंग? एकोणिसावा तो गंजका बोल्ट?

पांढरे दिवे लागले. गाडी वळणापासून सरळ रेषेत, कुठंही न लचकता, मागं मागं येत त्यांच्यापाशी उभी राहिली. काच खाली आली.

"डबा राहिला तुमचा."

त्यांनी डबा घेतला. पाठोपाठ बाईंनी पर्समधला अर्जही पुढं केला. "आणि याचं काय करायचं असतं, तुम्हाला माहीत."

गाडी डीवर गेली, वळली, दिसेनाशी झाली. सुभेदारांनी डबा कठड्यावर ठेवला, डब्यावर अर्ज पसरला, खिशातून पेन काढलं. एसटीची वाट बघणारे चार-सहा जण मान उंचावून बघत होते. बघू देत. त्यांनी सावकाश, सुंदर अक्षरात शेरा मारला: दप्तरी दाखल. खाली सही केली. सहीखाली तारीख. आणि तारखेखाली, कंसाशिवाय, हुद्दा: क्लार्क.